टिटवी, बादली आणि आकाशातला झोका

सकाळीच सूर्याकडून चुंबकी वादळ येऊन थडकलं होतं. अशा वेळी पडद्यावरची रेषा वेडीवाकडी उडते. आज मात्र ती संथपणे वर जात होती, खाली येत होती. अगदी तालात. हे कसं?

शलाकाआत्याने खिडकीतून पाहिलं. कोकण किनाऱ्यावरच्या तिच्या वेधशाळेत चुंबकमापकाच्या (पृथ्वीच्या चुंबकत्वातला बारीक बदलही टिपणाऱ्या यंत्राच्या) खोलीला खिळेसुद्धा तांब्याचे होते. लोखंड जवळून गेलं, की रेषा हललीच. आणि बाहेर तिची भाची मैथिली लोखंडी बादलीने सुपारीच्या रोपांना पाणी घालत फेऱ्या मारत होती.

"मैथिले, चोर सापडला. तुझी बादली."

मैथिली ओशाळली. पण तिचा जीव टिटवीत अडकला होता. टिटवी हा तिच्या वर्गाने बनवलेला छोटा उपग्रह. वादळात तो ध्रुवप्रकाशाचे फोटो काढणार होता. मात्र रेषेतली लाट खरोखर आकाशातली असेल, तर टिटवीला धोका होता. मग तो क्षितिजाआड जाऊन संपर्क तुटायच्या आत त्याची यंत्रं बंद करून त्याला झोपवायला हवं होतं.

मैथिलीने बादली थेट पुळणीवर नेऊन टाकली आणि धावत परतली. रेषा तशीच झुलत होती.

"आता काय, समुद्राला चोर ठरवणार?" तिने आत्याला विचारलं.

आत्याने स्वतःचे कान पकडले आणि भराभर सांगू लागली. वादळात चुंबकावरणाची (पृथ्वीच्या चुंबकत्वाने अवकाशात धरलेल्या कवचाची) रात्रीकडची शेपटी ताणली जाते आणि रबरासारखी सटकते. मग तिथला प्लाझ्मा (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) पृथ्वीकडे सुसाट येऊन आदळतो. चुंबकरेषा छेडलेल्या तारेसारख्या थरथरतात. ती थरथर या खोलीपर्यंत पोचली होती.

"पण लाट एवढी संथ. ती टिटवीचं काय बिघडवणार?"

"झोपाळा नेमक्या वेळी हलकेच ढकलत राहिलीस तर?"

मैथिलीला लख्ख दिसलं. पृथ्वीभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजे झोपाळा, आणि लाट दर फेरीला त्यांना थोडं थोडं ढकलणार. उद्यापर्यंत त्यांचा वेग इतका वाढेल, की ते टिटवीच्या पत्र्यातून आरपार घुसून त्याचा संगणक बिघडवतील.

म्हणजे फोटो नाहीत. वर्गातल्या पोरांना काय सांगायचं? तिने ओठ चावला आणि 'झोप'ची कळ दाबली.

वादळ पूर्ण ओसरल्यावर दोघींनी टिटवीला हाक मारली. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम, टिट्-टिट्.

"पुढची टिटवी ही थरथर स्वतः ओळखेल," मैथिली श्वास न घेता म्हणाली. "आधी फोटो काढेल, मग झोपेल."

आत्याने मान डोलावली आणि तिच्या हातात नवी बादली दिली. प्लॅस्टिकची. सुपारीची रोपं तहानली होती.