तिसरं लाल कार्ड

माझ्या दारावर लाल कार्ड! माझ्या! डोळे चोळून मी पुन्हा वाचलं. ‘ओल्या कचऱ्यात घड्याळाचा सेल. पहिली चूक.’

शहराचा कचरा डोंगरावर न जाता पुन्हा कामाला लागावा, ही योजना माझी. ओल्याचं खत, काचेची काच, चिंध्यांच्या पिशव्या. आमच्या भागाची प्रमुखही मीच. तीन चुका झाल्या की घरातल्या एकानं पंधरा दिवस केंद्रात कचरा निवडायचा, आणि प्रमुखाच्या घरी झाल्या तर त्यानं पद सोडायचं, हा नियमही माझाच. हौस दांडगी ना!

तणतणत केंद्रावर गेले. “कुणी लिहिलंय हे?”

सरकत्या पट्ट्याशी उभ्या एकानं हातमोजा वर केला. त्याला सगळे ‘घार’ म्हणायचे. पट्ट्यावरची टाचणीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

“मी, मॅडम. पिशवीवर तुमच्या घराचा नंबर होता. एका सेलानं खताचा ढीग नासतो, हे तुमच्याच भाषणात ऐकलं. दोनदा.”

“दोनदा कशाला?”

“पहिल्यांदा... भाषणाकडे लक्ष नव्हतं.”

त्याचे कान लालबुंद झाले. मी भांडायला आले होते, ते राहूनच गेलं.

आठ दिवसांनी दुसरं कार्ड. कात्री! पुन्हा गेले. तणतणत... म्हणजे, वाटेत केस दोनदा सारखे केले.

“कात्री चांगली आहे. धार लावून ठेवलीय,” तो म्हणाला.

“लाच देताय?”

“चूक तुमची आणि लाच माझी? असा उलटा व्यवहार कुठे पाहिलात?”

मी खो खो हसले. मग कार्डाशिवायही जाऊ लागले. तपासणीला हो! एका आठवड्यात तीन तपासण्या.

आणि एका सकाळी स्वयंपाकघरात पाहते तर आई भाजीच्या सालींत चमचा खुपसतेय.

“आई!! तू?”

“अगं, किती दचकवतेस! सेल चुकून गेला होता, शपथ. पण त्या दिवशी तू केंद्रावरून गुणगुणत आलीस. किती वर्षांनी गं! म्हणून मग कात्री टाकली.”

“माझं पद जाईल, आई!”

“पद?” आईनं चमचा ओट्यावर ठेवला. “मला काय ठाऊक! गेल्या आठवड्यात दोन चमचे टाकले, कार्ड आलंच नाही. म्हटलं, आज पुन्हा...”

दोन चमचे घारीला दिसले नाहीत? शक्यच नाही.

केंद्राकडे धावत सुटले. “चमचे कुठेत?”

त्यानं खिशातून काढले. कागदात नीट गुंडाळलेले.

“तुम्ही? तुम्ही नियम मोडलात?”

“मोडला. तुमचं पद गेलं असतं, मॅडम. तेव्हापासून झोप नाही मला.”

“आणि ज्या दोनशे घरांना आपण कार्डं दिली, त्यांना काय तोंड दाखवू? लिहा.”

“मॅडम—”

“लिहा म्हणते ना!”

त्यानं लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

संध्याकाळपर्यंत माझं पद दुसऱ्याच्या हाती गेलं. मी रडले, पोटभर रडले. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. सकाळी हातमोजे घालून पट्ट्याशी उभी राहिले. त्याच्या शेजारी. काच डावीकडे, पत्रा उजवीकडे. दुपारपर्यंत पाठीचा काटा ढिला झाला, पण वाटलं तेवढं वाईट वाटेना.

“पंधरा दिवसांनी तुम्ही जाल,” तो पुटपुटला.

“मग?”

“मग... मला नाही चालायचं ते.”

“मोठ्यानं बोला, पट्ट्याचा आवाज आहे.”

त्यानं हात लांबवून बटण दाबलं. पट्टा थांबला. पट्ट्यावर कचरा निवडणाऱ्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून आमच्याकडे बघू लागल्या.

“माझ्याशी लग्न कराल?”

“हो,” मी म्हटलं. इतक्या चटकन, की माझी मीच दचकले.