मागं कुणी ऱ्हायलंय का?

ही घटना खरी आहे. माझ्यासोबत घडलेली आहे, मित्राच्या मित्रासोबत नाही.

मी अमरनाथ. उमरग्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणाऱ्या माणसाला भुताखेतांच्या नादी लागायला सवड नसते. या पेजवरच्या गोष्टी वाचून मी हसायचो. या हडळींना एवढा रिकामा वेळ मिळतो कुठून, असं बायकोला विचारायचो.

आता हसत नाही.

आणि ही गोष्ट रात्री बाराची नाही. गेल्या वर्षीचा सप्टेंबर. रविवार. दुपारचे साधारण चार. जागा म्हणाल तर नळदुर्गहून जळकोटकडं येणारा हायवे.

आधी आमच्या सायकल ग्रुपची पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दरवर्षी आमची एक मोठी राइड असते. उमरगा ते धाराशिव आणि परत, दोनशे किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी साडेसहाच्या आत परत यायचं. वाटेत ठरलेल्या गावांना टेबल असतं. तिथं कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, केळं खायचं, पुढं निघायचं.

सगळ्यात मागं एक माणूस मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला आम्ही शेवटचा गडी म्हणतो. जो सगळ्यात हळू चालवतो त्याच्या मागं यानं राहायचं. तो थांबला की यानंही थांबायचं. काही झालं तरी कुणाच्या पुढं जायचं नाही.

शेवटचा गडी टेबलावर आला की त्याला एकच गोष्ट विचारतात.

"मागं कुणी ऱ्हायलंय का?"

त्यानं "कुणी न्हाय" म्हटलं की टेबल उठतं. शिक्का, केळी, खुर्च्या गाडीत टाकून माणसं निघून जातात. सगळा कारभार त्याच्या एका शब्दावर असतो.

तीन वर्षांपूर्वी शेवटचा गडी मी होतो.

त्या दिवशीही पाऊस होता. सगळ्यात हळू होते कोंडीरामकाका. मुरूमचे. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक, वय साठ. पोरं पन्नास हजारांच्या सायकली घेऊन यायची, काका त्यांची काळी जुनी सायकल घेऊन यायचे. कॅरियरला स्टीलचा डबा बांधलेला, तो रस्ताभर खडखड वाजायचा. मला अमऱ्या म्हणायचे. मला अमऱ्या म्हणणारं आता कुणी नाही.

धाराशिवहून परतीला लागल्यापासून चार तास मी त्यांच्या मागं रांगत होतो. भिजून हातपाय गारठले होते. दात वाजत होते. राग आला होता, खरं सांगतो. घरी बसायचं सोडून म्हातारा इथं कशाला आला, असं मनात येत होतं.

नळदुर्गच्या पुढं एक बंद पडलेली चहाची टपरी आहे. तिथं काकांची सायकल भिंतीला टेकवलेली दिसली. काका आडोशाला गेले होते. पाठमोरे होते.

मी थांबायला पाहिजे होतं.

मी घंटी वाजवली नाही. हाक मारली नाही. गुपचूप पुढं निघून गेलो.

जळकोटच्या टेबलावर आमचा रणधीर होता. राइड तोच भरवतो, खताचं दुकान आहे त्याचं. त्यानं विचारलं, "मागं कुणी ऱ्हायलंय का?"

काका मागं आहेत म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग तू पुढं कसा? त्या पावसात मला उलटं जायला लागलं असतं.

मी म्हटलं, "कुणी न्हाय. कोंडीरामकाका नळदुर्गालाच टेम्पोत बसले. राइड सोडली त्यांनी."

टेबल उठलं.

मी सव्वासहाला उमरग्यात पोचलो. मेडल मिळालं. रात्री प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला तर काकांचे तीन मिस्ड कॉल. मला वाटलं, शिव्या द्यायला केले असतील. मी उलट फोन केला नाही. जेवलो आणि झोपलो.

सकाळी जळकोटच्या बसथांब्यात काका सापडले. भिंतीला टेकून बसलेले. सायकल शेजारी उभी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, थंडीनं.

ग्रुपवर रणधीरनं मेसेज टाकला की न सांगता कुणीही राइड सोडू नये, कोंडीरामकाकांचं काय झालं ते आपण बघितलं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

मीही टाकलं.

दोन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ग्रुपसोबत जाणं सोडलं, एकटाच सायकल चालवायचो. मुरूमचं गिऱ्हाईक दुकानात आलं की मी मान वर न करता तार गुंडाळत राहायचो. माझ्या खोट्यामुळं एक माणूस मेला होता, आणि चूक त्याच्या नावावर लागली होती.

गेल्या वर्षी मी रणधीरला स्वतःहून म्हटलं, या वेळी शेवटचा गडी मी राहतो. वाटलं, एकदा नीट करू. म्हणजे मन हलकं होईल.

कसलं हलकं होतंय...

जाताना ऊन होतं. तुळजापूरला परत येईपर्यंत आभाळ काळं झालं. नळदुर्ग सोडलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की पुढचं चाक दिसेना. माझ्या पुढं शुभांगी होती, उमरग्याच्या बँकेत काम करणारी पोरगी, पहिलीच मोठी राइड. तिच्या सायकलचा लाल दिवा मी धरून चाललो होतो.

एका उतारावर तो दिवा दिसेनासा झाला.

हाक मारली. पावसात आवाज विरून गेला. पुढं कुणी नाही. मागं तर कुणी असायचा प्रश्नच नव्हता, मी शेवटचा होतो. एवढा मोठा चार पदरी रस्ता आणि त्यावर मी एकटा. इतकं एकटं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात समोर एक दिवा दिसला.

पिवळा. मिणमिणता.

माझ्याच बाजूनं, रस्त्याच्या कडेनं, उलट्या दिशेनं एक सायकलवाला येत होता. डोक्यावर पोत्याची खोळ. तोंड दिसत नव्हतं. शेतातून घरी निघालेला कुणी म्हातारा असेल, असं वाटलं.

जवळ आल्यावर त्यानं वेग कमी केला.

"मागं कुणी ऱ्हायलंय का?"

आमच्या राइडीतलाच कुणी असेल, रणधीरनं बघायला पाठवलं असेल, असा विचार करून मी म्हटलं, "न्हाय. मीच शेवटचा."

"बरं बरं," म्हणाला आणि नळदुर्गकडं निघून गेला.

शेजारून एक ट्रक गेला. माझ्या अंगावर पाण्याचा लोट आला, मी पडता पडता वाचलो. मागं वळून बघितलं. त्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल...

रस्ता रिकामा होता.

पाचेक मिनिटं गेली असतील. पुन्हा समोर दिवा.

पिवळा. मिणमिणता.

मी ब्रेक दाबला. हा माणूस माझ्या मागं गेला होता. मला ओलांडून पुढं गेलाच नव्हता. मग समोरून कसा येतोय?

आणि या वेळी मला ऐकू आलं...

खडखड. खडखड. कॅरियरवर डबा वाजत होता.

पाऊस एवढा कोसळत होता की मला माझीच हाक ऐकू आली नव्हती. पण तो डबा स्पष्ट ऐकू येत होता. चाकाखाली पाणी उडाल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

"मागं कुणी ऱ्हायलंय का?"

आवाज ओळखला मी. ओरडायला गेलो तर तोंडातून आलं, "कुणी न्हाय."

तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं तसंच.

सायकल निघून गेली. या वेळी मी मागं वळलो नाही. जीव खाऊन पॅडल मारायला लागलो. आमच्या घरातल्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. जळकोट तीन-चार किलोमीटर राहिलं असेल. रस्ता संपेना.

मग पाऊस एकदम बारीक झाला.

तो रस्त्याच्या कडेला उभा होता. सायकल हातात धरून.

मी थांबलो. का थांबलो, माहीत नाही. पळून जायला पाहिजे होतं. खोळीखाली तोंड होतं, कोंडीरामकाकांचंच होतं. पांढरट पडलेलं, पाणी निथळत होतं. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागं, रिकाम्या रस्त्याकडं बघत होते.

"एक पोरगं हाय हो मागं," ते म्हणाले. "लई दमलेलं हाय. तुमाला कुठं दिसलं न्हाय का?"

तुमाला म्हणाले. मला त्यांनी ओळखलं नव्हतं.

त्यांनी थोडा वेळ माझ्या उत्तराची वाट बघितली. मग सायकलवर टांग टाकली आणि डबा खडखडत नळदुर्गच्या बाजूला गेले. आवाज लांब लांब होत गेला...

जळकोटच्या टेबलावर कसा पोचलो ते आठवत नाही. ताडपत्रीखाली रणधीर होता. शुभांगी चहा पीत उभी होती. मला बघून तीच आधी बोलली.

"दादा, ते काका भेटले का तुम्हाला? खोळवाले? मागं कुणी आहे का विचारत होते. मी म्हटलं, हो, आमचा अमरनाथदादा आहे मागं. लई खूश झाले. म्हणाले, मग घेऊनच येतो त्याला."

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. सवयीनं विचारलं, "मागं कुणी ऱ्हायलंय का?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. टपरीपासून मिस्ड कॉलपर्यंत सगळं. शुभांगीच्या हातातला चहा तसाच राहिला. रणधीर मारेल असं वाटलं होतं. त्यानं मारलं नाही.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "लक्ष्मीबाईला सांग. नवरा तिचा गेलाय."

दुसऱ्या दिवशी मी मुरूमला गेलो. लक्ष्मीबाई म्हणजे कोंडीरामकाकांची बायको. दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "अमरनाथ व्हय? या, बसा. तुमचं लई नाव घ्यायचे."

मी उभ्यानंच सांगून टाकलं. काकांनी राइड सोडली नव्हती. मी त्यांना मागं टाकून गेलो. मी खोटं बोललो. काय बोलायचं ते बोला, मी ऐकायला आलोय.

त्यांनी विचारलं, "तुमी त्या दिवशी घरी किती वाजता पोचला?"

"सव्वासहाला."

"मला त्यांचा फोन सात वाजता आला हुता," त्या म्हणाल्या. "जळकोटातनं. मी म्हटलं, या की आता, लई पाऊस हाय. तर म्हणले, अमऱ्या मागं हाय. टेबलवाल्यांनी घाई केली, निघून गेले. पण शेवटचा गडी कुणाच्या म्होरं जात न्हाय, तो मागंच असणार. फोन बी उचलंना. पोरगं कुठं पडलंबिडलं असंल. तो आल्याबिगर म्या हलत न्हाय."

मी तिथंच जमिनीवर बसलो.

"मला वाटलं, तुमी आला असाल आन दोघं उमरग्याला गेला असाल. राइडीच्या रात्री ते उमरग्यातच, पुतण्याकडं झोपायचे. म्हणून मी बी पुन्हा फोन केला न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दोन वर्सं मला वाटायचं, तुमी लई उशिरा पोचला असाल. तुमालाच वाईट वाटत असंल म्हणून आला न्हाय भेटायला."

मी रडलो. त्यांच्यासमोर, उंबऱ्याजवळ, लहान पोरासारखा रडलो. काल रस्त्यावर काय दिसलं तेही सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. फक्त एकदम उठून उभ्या राहिल्या.

"अजून हुडकत्यात व्हय?" म्हणाल्या. "मग तुमी सांगितलं का न्हाय त्यांना? की तुमी पोचलाय म्हणून?"

मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून पाऊस लागला की मी दुकान बंद करतो आणि सायकल घेऊन जातो. नळदुर्ग ते जळकोट, जळकोट ते नळदुर्ग. मोठ्यानं ओरडतो, काका, मी अमऱ्या, मी पोचलो. ट्रकवाले बघून हसतात. बायकोला वाटतं माझं डोकं फिरलंय.

मला ते पुन्हा भेटलेले नाहीत. पण इतरांना भेटतात. या जुलैत एका दूधवाल्याला भेटले. परवा जळकोटच्या दोन शाळेच्या पोरींना. प्रत्येकाला तेच विचारतात, आणि लोक बिचारे खरं तेच सांगतात, मागं कुणी नाही म्हणून. तरी ते मागंच जातात.

म्हणून हे इथं लिहिलं. तुम्ही कधी पावसात त्या रस्त्यानं गेलात आणि खोळ घातलेल्या एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवून तुम्हाला विचारलं, तर घाबरू नका. ते काही करत नाहीत.

फक्त एवढं सांगा... अमरनाथ घरी पोचला. तुम्ही पण घरी जा.