मिरचीच्या कड्या

मुलांच्या वॉर्डात सगळे त्याला वात्रट डॉक्टर म्हणायचे आणि गडी ते मिरवायचासुद्धा. त्या दिवशी सकाळीच मिरची आली, रक्ताची उलटी करत. मिरची म्हणजे सहा वर्षांची पोर, जीभ तिखट, म्हणून हे नाव. यकृताकडे जाणारी मोठी शीर तिची चोंदलेली. मग रक्त आडवाटेने अन्ननलिकेत तुंबायचं आणि तिथल्या शिरा टम्म फुगायच्या. आज त्यातली एक फुटली होती.

"मागच्या वेळी म्हणालात दुखणार नाही. थापाडे काका!"

"अगं, थापा मारायलाच तर ठेवलंय मला इथे."

दारात तिची आई उभी होती. "डॉक्टर, एवढी एकच आहे हो मला."

त्याने हातमोजे चढवले.

भूल चढली. दुर्बिणीची नळी तोंडातून आत गेली. पडद्यावर नुसता लाल चिखल. पाणी मारलं, ओढून घेतलं, फुटलेली शीर सापडली. पुढचं काम हातातलं. दुर्बिणीच्या टोकावर रबरी कड्या चढवलेल्या असतात. शीर टोकात ओढायची, बाहेरची मूठ फिरवायची, की कडी सुटून शिरेला आवळते आणि जांभळा मणी तयार होतो.

त्याने मूठ फिरवली. टक्.

रक्त थांबलं. पण मणी नव्हता. कडीही नव्हती. शीर नुसती सपाट.

"सिस्टर, कडी सुटली ना?"

"सुटली की. टक् वाजलं."

"मग पळाली कुठे? कोणाचा हात धरून?"

त्याने दुर्बीण पोटात उतरवून पाहिलं. तिथेही नव्हती.

दुसरी शीर. टक्. सपाट. तिसरी. टक्.

त्याचा घसा बधीर होत चालला, भुलीचा फवारा त्यालाच मारल्यासारखा. छातीत आत काहीतरी चिमटलं. थांबावं का? थांबलं तर उरलेल्या शिरा फुटणार आणि पोर हातची जाणार. कड्या संपेपर्यंत तो मूठ फिरवत राहिला.

नंतर मिरचीला वॉर्डात हलवून तो बाजूच्या खोलीत चहा घ्यायला बसला. घोट उतरेचना. जोराचा खोकला आला आणि बेसिनमध्ये काहीतरी पडलं.

काळी, रबरी, इवलीशी कडी.

तो बघत राहिला. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

"डॉक्टर!" वॉर्डातून सिस्टर ओरडली. "मिरचीच्या तोंडातून परत रक्त!"

त्याने कडी उचलली. जिभेवर ठेवली. गिळली.

ती छातीपर्यंत गेली आणि चिमटून बसली.

"थांबलं," सिस्टरचा आवाज आला. "आपोआपच थांबलं."

आई धावत दाराशी आली. "डॉक्टर, उठली हो! तुम्हाला बोलावतेय. बोला ना तिच्याशी."

त्याने नकारार्थी मान हलवली. खोकला पुन्हा वर येत होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"काका," वॉर्डातून मिरचीचा झोपाळलेला आवाज आला, "खोकू नका हं."