तीनशे तीन

आमच्या घराच्या मागच्या खोलीत सगळी अडगळ असायची. मोडका टेबलफॅन, लेकीची लहानपणची सायकल, जुन्या बॅगा आणि कधीतरी लागतील म्हणून मी जपून ठेवलेल्या वायरींचं भेंडोळं. खोली चौदा फूट लांब, अकरा रुंद, नऊ उंच. हे मी मोजून सांगतोय, अंदाजाने नाही. एकतीस वर्षं मी एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायचं काम केलं. वजनकाटे, तापमापक, दाब दाखवणारी घड्याळं. कुठलं यंत्र खरं बोलतंय आणि कुठलं थापा मारतंय ते ठरवायचं, आकडा वहीत लिहायचा आणि खाली सही ठोकायची. एकतीस वर्षांत माझ्या वहीत एक खोटा आकडा गेलेला नाही.

बायको प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. माझ्या बढाईचं तिला काही कौतुक नव्हतं. "तुमची यंत्रं रडतात का?" ती म्हणायची. "माझ्यासमोर पोरं डोळ्यांत पाणी आणून उभी राहायची. तरी चुकलेल्या गणिताला मी कधी लाल पेनाने बरोबरची खूण केली नाही." लेक वैतागायची. या घरात साधी थाप मारायची सोय नाही, म्हणायची.

दर रविवारी सकाळचा पहिला शो, हा आमचा तीस वर्षांचा नेम. सिनेमा कसा का असेना, आम्ही दोघं हजर. मग तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, पुढे औषधं, आणि डॉक्टरांनी गर्दी आणि एसी दोन्ही बंद केलं. तिने ते मान्य केलं. पण रविवारी साडेदहा वाजले की बाहेर जायचे कपडे घालून, केस नीट करून, हॉलमध्ये पेपर वाचत बसायची. दोन रविवार मी ते बघितलं. तिसऱ्या रविवारी म्हटलं, "थिएटरला जायचं नाही ना? मग थिएटरच घरी आणतो."

"आणा की," ती पेपरमधून डोकं न काढता म्हणाली. "येताना थोडी अक्कलही आणा."

अडगळ भंगारवाल्याकडे गेली. मदतीला मी आमच्या ओळखीचा सुतार बोलावला. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल, तोंडाची टकळी सतत चालू. पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीत उभं राहून मी एक टाळी वाजवली. भिंती समोरासमोर असल्या की आवाज मध्ये अडकतो, टर्र करत इकडून तिकडे धावत राहतो. अशा खोलीत सिनेमातलं बोलणं ऐकणं म्हणजे डोक्याला ताप. मग आम्ही लाकडी चौकटी केल्या, त्यात आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे जाड तक्ते बसवले, वरून कापड ताणून भिंतीला ठोकले. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तीच लोकर भरली, कारण ढोलासारखे जाड आवाज कोपऱ्यात साठतात. खाली गालिचा, दाराच्या फटीला रबर. रोज संध्याकाळी मी टाळी वाजवून बघायचो. टर्र कमी होत गेली आणि पाचव्या आठवड्यात टाळी हातातल्या हातातच मेली.

"साहेब," सुतार म्हणाला, "इथं कुणाला शिवी दिली तर त्याच्यापर्यंत पोचायचीसुद्धा नाही."

समोर पडदा आणि स्पीकर लावले, दोन खुर्च्या ठेवल्या. तिची उजवीकडे, माझी डावीकडे. पण टाळी हे काही माप नव्हे. मी खुर्च्यांच्या मागे स्टँडवर एक माइक उभा केला, वायर दाराखालून बाहेर काढली आणि कंप्युटर पॅसेजमध्ये ठेवला. दार लावून बटण दाबलं की आतला स्पीकर खालच्या गुरगुरीपासून वरच्या शिटीपर्यंत एक आवाज चढवत नेतो आणि तो विरायला किती वेळ लागला ते कंप्युटर सांगतो. सेकंदाचे हजार भाग केले, तर आमच्या रिकाम्या खोलीत त्यातले तीनशे दहा लागत होते. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा तीनशे दहा.

माणूस आत बसला की आकडा उतरतो. कपडे, केस, अंग, सगळंच आवाज पितं. मी आत बसलो आणि सुताराला बटण दाबायला लावलं. तीनशे तीन. मग तो बसला, तीनशे दोन आले. त्या एका आकड्याचं श्रेय त्याने पोटाला दिलं. शेवटी बायको बसली. तीनशे तीन.

"म्हणजे या खोलीच्या दृष्टीने माणूस म्हणजे सात," ती म्हणाली. "बरंय. शाळेत याहून कमी मार्कांची पोरं पास केलीयेत मी."

त्या रविवारी साडेदहाला तिने बाहेरचे कपडे घातले आणि आम्ही पॅसेज ओलांडून थिएटरला गेलो. सिनेमा रटाळ होता. ती शेवटपर्यंत हसत होती. मला वाटलं, जिंकलो.

माझी खोड अशी की एकदा मोजून भागत नाही. दर रविवारी सिनेमा लावण्यापूर्वी आधी रिकामी खोली आणि मग तिला बसवून, अशी तपासणी सुरू झाली. दुसऱ्या रविवारी तीनशे तीन. तिसऱ्या रविवारी तीनशे पाच. चौथ्या रविवारी तीनशे सात. रिकामी खोली मात्र जागची हलली नव्हती, तीनशे दहा.

वजन कमी झालं असेल म्हणून काट्यावर उभं केलं. उलट अर्धा किलो वाढलं होतं. वायर बदलली, माइक पुसला, स्टँडच्या पायांशी जमिनीवर खडूने खुणा केल्या. सुताराला दाराचं रबर बघायला म्हणून बोलावलं आणि हळूच आत बसवलं. तीनशे दोन. यंत्र ठणठणीत होतं.

त्याच दिवशी एक गोष्ट झाली. ती तिच्या खुर्चीत बसली होती. भर दुपार, खोलीतले सगळे दिवे चालू. सुतार एक चौकट घेऊन आत आला आणि ती ठेवायला सरळ तिच्या खुर्चीकडे वळला. "अहो, अहो!" ती ओरडली. हा दचकून मागे सरला. "माफ करा वहिनी. खुर्ची रिकामीच वाटली मला." चष्मा काढून शर्टाला पुसला. ती हसली. त्यानंतर तो काम संपेपर्यंत गप्प होता, आणि हा माणूस गप्प राहणारा नव्हे.

गुरुवारी हॉस्पिटलचा रिपोर्ट आला. सगळं साफ. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. घरी येताना रिक्षात मला रडू आलं. तिने ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हटलं, "मी पाच मार्कांनी पास झाले तर हे एवढं रडतायत."

रविवारी तिला बसवलं. दार लावलं. बटण दाबलं.

तीनशे दहा.

पाच वेळा मोजलं. मग आत जाऊन तिच्या अंगावर जाड लोकरी शाल घातली. "उकडतंय हो," ती म्हणाली. पुन्हा तीनशे दहा. तिला पाणी प्यायला पाठवलं आणि तीच शाल रिकाम्या खुर्चीवर टाकून मोजलं. तीनशे आठ. शाल एकटी असली की खोली मोजत होती. तिच्या अंगावर घातली की खोली शालही मोजत नव्हती.



"काय आलं?" तिने दारातून विचारलं.

"तीनशे तीन," मी म्हणालो आणि वहीत लिहिलं. खाली सही केली. सही बाकी नेहमीसारखीच आली.

दोन यंत्रं भांडली तर तिसरं आणायचं, हे आमच्या कामातलं पहिलं कलम. एका मित्राचा माइक मागून आणला. त्यावरही तीनशे दहा. मग डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा सगळं तपासा म्हणून हट्ट धरला. का, म्हणून त्यांनी विचारलं. काय सांगू? आमच्या घरातली भिंत हिला मोजत नाही म्हणून सांगू? त्यांनी माझ्या समाधानासाठी सगळं पुन्हा केलं. रक्त, छाती, हृदय. सगळं उत्तम. "आता तुम्हीच जरा विश्रांती घ्या," ते म्हणाले. पुढच्या रविवारी तीनशे दहा, त्याच्या पुढच्या रविवारी तीनशे दहा. वहीत तीनशे तीन, तीनशे तीन. रात्री मी तिच्या श्वासावर हात ठेवून झोपत होतो. श्वास चांगला होता. मी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि बोलण्यासारखं तर त्याहून नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी ती म्हणाली, "दर वेळी माझंच काय मोजता? आज तुम्ही बसा. बटण मी दाबते."

"तुला जमायचं नाही."

"बटण दाबायचं आणि आकडा लिहायचा. पहिलीतलं पोर करेल. बसा."

मी बसलो. तिने दार ओढून घेतलं. त्या खोलीत एकटं बसलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. आवाज खालून वर चढत गेला आणि विरला. मग पुन्हा चढला. पुन्हा. पुन्हा. मी मोजायचं सोडून दिलं. "काय चाललंय?" मी ओरडलो. आवाज ओठांशीच थांबला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती उभी होती, हातात वही, लाल पेन.

"चुकून सारखं दाबलं जात होतं," ती म्हणाली आणि हसली. "तीनशे तीन. पास."

मग माझ्या शेजारी येऊन बसली. सिनेमाभर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिला माझा हात धरायची सवय नव्हती. मला वाटलं, तिला काहीतरी कळलंय. स्वतःबद्दल.

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. ज्या हृदयाचा कार्डिओग्राम अडीच आठवड्यांपूर्वी उत्तम आला होता, तेच. पहिल्या तीनशे दहापासून त्या बुधवारपर्यंत चोवीस दिवस.

लेक आली, दोन आठवडे राहिली. "बाबा, एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला," म्हणाली. मी हो म्हटलं. घर बंद करायचं, खोली मोकळी करायची. ती पुढे गेली. येत्या शनिवारी मला न्यायला येणार आहे.

काल सोमवारी सुतार चौकटी उतरवायला आला. दार उघडंच होतं. मी माझ्या खुर्चीत बसून तिच्या खुर्चीकडे बघत होतो. तो खोलीच्या दारात आला, चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"साहेब?" त्याने हाक मारली. "घरात आहात का?"

"हा काय, तुझ्यासमोर बसलोय."

तो एवढा दचकला की हातातली हत्यारांची पेटी खाली पडली. "डोळे कामातून गेले बघा माझे," तो म्हणाला. "वहिनींच्या वेळीसुद्धा..." आणि पेटी उचलायला वाकला. संध्याकाळपर्यंत मान खाली घालून काम केलं. लोकर, कापड, गालिचा सगळं टेम्पोत भरून गेला. चहाही घेतला नाही.

आज सकाळी सामान आवरताना वही हाती आली. तिच्यात माझे तीन खोटे आकडे होते. मी मेल्यावर ते लेकीच्या हाती पडावेत हे मला पटेना. कंप्युटर प्रत्येक मोजणी तारीख-वेळेसह आपोआप साठवतो. म्हटलं, खरे आकडे बघून वही दुरुस्त करावी.

यादी उघडली. तिचे तिन्ही रविवार एकाखाली एक. तीनशे दहा, तीनशे दहा, तीनशे दहा. शेवटच्या रविवारी ती कंप्युटरचा हाच पडदा समोर घेऊन बसली होती. हे सगळं तिने वाचलं असणारच.

त्याच्या खाली त्या शेवटच्या रविवारच्या मोजण्या. मी खुर्चीत बसलेलो असतानाच्या.

मी पाच वेळा मोजतो. तिने नऊ वेळा मोजलं होतं.

नऊही वेळा तीनशे दहा.

पुसायचं बटण शेजारीच आहे. तिने पुसलं नव्हतं. खरा आकडा पुसणं तिच्या हातून व्हायचं नाही.

मागच्या खोलीत जाऊन टाळी वाजवली. उघड्या भिंती टर्र करून हसल्या. पुन्हा मोजून बघायला आता ती खोलीच राहिलेली नाही. आज मंगळवार. त्या रविवारला तेवीस दिवस झाले.

वहीतलं ते शेवटचं पान समोर उघडं आहे. तिच्या गोल, शाळेतल्या अक्षरात ३०३, आणि पुढे लाल पेनाने केलेली बरोबरची खूण. पेन एवढं दाबून धरलं होतं की मागच्या कोऱ्या पानावरही तिचा वळ उमटलाय.