यंत्र एकच नाव विचारत होतं

“आजोबा, तुम्ही अजून आत आहात का?”

हा प्रश्न टाइप करायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती, झोर्नित्सा आणि नेव्यानाने. हिंमत असेल तर विचार म्हणे! मी विचारला.

आता हसू येत नाही.

कुणाची तरी ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय सगळं. गाव कोतेल. दिवस नोव्हेंबरातला, मृतांचा शनिवार. रात्र नव्हतीच. लख्ख दुपार होती, आणि तेच मला जास्त छळतं.

आमच्या अर्ध्या गावाची ईमेल आमच्या तळघरातल्या सर्व्हरवर चालते. तो उभा केला व्रबान आजोबांनी. उन्हाळ्यात ते गेले. तेव्हापासून बाबा त्याला सांभाळतात, म्हणजे शिव्या देतात.

त्या दिवशी सकाळपासून कुणालाच लॉगिन होईना. ‘पासवर्ड चुकीचा.’ सगळ्यांचाच!

आणि मला तीनच्या आत राजधानीतल्या, म्हणजे सोफिया शहरातल्या संगणक शाळेला होकार कळवायचा होता. माझ्याच पत्त्यावरून. नाहीतर जागा दुसऱ्याला. आईबाबांचं पालुपद एकच, “पुढच्या वर्षी बघू.” घरात माझ्या बाजूने एकटे आजोबाच होते.

बाबांचा फोन वाजला. स्पीकरवर बेकरीवाली गेन्का मावशी.

“ओग्न्यान, माझा पासवर्ड माझ्या मांजरीचं नाव आहे. मी ते विसरेन का रे?”

“मावशी, आता ते सगळ्या गल्लीला कळलं. बदला आधी!” बाबांनी फोन आपटला.

“काय बिघडलंय, बाबा?”

“तेच तर कळत नाहीये! पासवर्ड सगळे डेटाबेसमध्ये असतात. कुणी आलं की मेल सर्व्हर त्याला विचारतो, या माणसाचा पासवर्ड काय? डेटाबेस चालू आहे. पासवर्ड बरोबर आहेत. मी आत जाऊन बघितले. मग हा गाढव ‘नाही’ का म्हणतोय?”

त्यांनी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. परत केलं. परत तेच.

अडीच वाजत आले. मला रडूच येत होतं. म्हणून तर तळघरात माझ्यासोबत बसलेल्या मैत्रिणींनी ती पैज काढली, मला हसवायला. नावाच्या रकान्यात मी तो प्रश्न लिहिला आणि बटण दाबलं…

टक… टक…

“कुणी वाजवलं?”

दोघींनी हात वर केले. रिकामे.

पासवर्ड टाइप करायच्या आधी टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची सवय फक्त आजोबांना होती.

“खेळ बंद करा गं!” बाबा ओरडले. मेल सर्व्हर डेटाबेसला काय विचारतो, ते जसंच्या तसं पडद्यावर दिसेल असं त्यांनी केलं. “हं, आता तुझं नाव टाक.”

मी लिहिलं, एलित्सा.

टक… टक…

पडद्यावर आलं… ‘व्रबान. असा कुणी नाही.’

“मी माझं नाव लिहिलं, बाबा!”

“पुन्हा लिही.”

व्रबान. नेव्यानाने तिचं नाव टाकलं… व्रबान. तिकडून गेन्का मावशीने प्रयत्न केला… व्रबान.

दाराशी कुणीही येवो, यंत्र एकाच माणसाची चौकशी करत होतं.

बाबांनी सगळ्या सेटिंग उघडून पाहिल्या. ते नाव कुठेच नव्हतं. मग ते खुर्चीत मागे टेकले. “त्यांचं खातं मी आज सकाळीच काढून टाकलं. उगाच जागा अडवतंय म्हणून.”

तेवढ्यात आई खाली आली. हातात उकडलेल्या गव्हाची वाटी, सकाळी दफनभूमीत मृतांच्या नावाने वाटून उरलेली.

“काय हो, चर्चमध्ये पाद्रीबाबांना व्रबानबाबांचं नाव तुम्हीच सांगितलंत ना?”

“मी? नावं तर तू सांगत होतीस!”

“मी माझ्या माहेरची सांगितली. मला वाटलं, तुमच्या वडिलांचं तुम्ही…”

बाबांनी पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं.

या शनिवारी घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. ज्याचं राहिलं तो दाराबाहेर उभा राहतो, असं आमच्याकडे मानतात.

सर्व्हरचा पंखा… थांबला.

बाबा कीबोर्डकडे वळले. त्यांनी ते नाव डेटाबेसमध्ये परत घातलं. आईने वाटी सर्व्हरपाशी ठेवली आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, “व्रबान.”

पंखा फिरू लागला.

मी लॉगिन केलं. झालं! पहिल्याच झटक्यात!

पण पाठवलेल्या पत्रांत एक पत्र आधीच होतं. सोफियाच्या शाळेला. भर दुपारी बाराचं… जेव्हा गावात कुणालाच आत जाता येत नव्हतं.

‘एलित्सा येतेय . जागा ठेवा .’

पूर्णविरामाच्या आधी मोकळी जागा. आजोबा तसंच टाइप करायचे. मी कायम त्यांची चूक काढायचे.

“तू पाठवलंस?” बाबांनी विचारलं.

“मला तर लॉगिनच होत नव्हतं!”

त्यांनी सगळ्या नोंदी तपासल्या. बारा वाजता कुणीच आत गेलेलं नव्हतं. आजही ते कारण शोधतायत. आणि मी अजूनही पासवर्ड टाकण्याआधी क्षणभर थांबते… कान देते…

त्या दुपारी मात्र थांबले नाही. तीनला पाच मिनिटं होती. मी पत्र लिहायला घेतलं. मागे, अगदी मागे… टक… टक…

मी वळले नाही.

“आई, बाबा, आजोबांचा होकार त्यांनी पाठवलाय. माझा मी पाठवतेय. मी सोफियाला जाणार!”