खोडायची पुस्तकं

पितृपक्ष लागला त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, मिताली वाचनालयात पकडली गेली.

पनवेलच्या वडाळे तलावापासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्या वाचनालयात कीर्तीताई गेली बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसत होत्या. परत आलेलं पुस्तक चाळून पाहिल्याशिवाय त्या आत ठेवत नसत. एरवी मिताली गर्दीच्या वेळी पुस्तक सरकवून निसटायची. आज बाहेर पाऊस होता आणि आत चिटपाखरू नव्हतं. कीर्तीताईंनी चौतिसावं पान उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि समासातलं वाचून दाखवलं.

"‘हा माणूस पानभर रडतो, पण बोलायचं नाव घेत नाही.’ कोणी लिहिलं हे?"

"मी... पण पेन्सिलीने आहे, ताई."

"पेन्सिलीने आहे म्हणून तू अजून सभासद आहेस. जा, बस तिकडे. स्वतःचं खोडून झालं की ढिगातलं दुसऱ्यांचंही खोडायचं."

तिकडे म्हणजे खिडकीजवळच्या लांब टेबलाशी. तिथे एक मुलगा आधीच खोडरबर घेऊन बसला होता. कागद दुमडू नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटं पानावर ताणून तो अगदी सावकाश घासत होता. मिताली समोरच्या खुर्चीत बसली तरी त्याने मान वर केली नाही.

"‘ही बाई मूर्ख आहे’ हे तुझंच ना?" त्याने विचारलं.

मितालीने वाकून पाहिलं. अक्षर तिचं होतं.

"हे पुस्तक तुझ्याकडे कसं?"

"तुझं तिसरं हाय हे. मी परत द्यायला येतो, ताई उघडतात, अक्षर दिसतं, मला बसवतात."

"मग सांगायचं ना, माझं नाही म्हणून!"

"सांगितलं असतं तर ताईंनी दुसऱ्याला बसवलं असतं." त्याने पानावरचा भुसा फुंकला. "आणि मला परत एकदा वाचायला मिळत होतं."

"पुस्तक?"

"नाय. तुझं."

मितालीने घाईघाईने रबर घासायला घेतलं. पानाचा कोपरा टरकन फाटला. तेव्हा कुठे त्याने मान वर केली आणि हसला. समोरचा एक दात किंचित तिरका होता. पुढच्या अर्ध्या तासात त्या दाताकडे आपण चार वेळा पाहिलं, हे मितालीच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव निकेश. वय वीस. राहायला जासईला. तिथल्या कंटेनरच्या यार्डात तो रोजंदारीवर पेट्या मोजून उतरवून घ्यायचं काम करत होता. त्याची आजी, ठमाबाई, पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. साडेसातला तिची टोपली उचलून तिला घरी न्यायचं, तोवर वाचनालयात थांबायचं, हा त्याचा नेम. काय वाचावं ते कळत नाही म्हणून तो परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रेमधलं सगळ्यात वरचं उचलायचा.

"परत आलंय म्हणजे कोणीतरी ते वाचून धड घरी पोचलंय," तो म्हणाला.

वाचनाबद्दल मितालीची मतंही ठाम होती. ती कोणी विचारत नव्हतं, म्हणून समासात जायची. ती अठरा वर्षांची होती आणि खारघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिला विकतच्या पुस्तकापेक्षा वाचनालयातलं आवडायचं, कारण त्यात आपल्या आधी कोणीतरी कंटाळून गेलेलं असतं. चाळिसाव्या पानावर हळदीचा अंगठा, शंभराव्याचा कोपरा मुडपलेला, पुढे कोरं करकरीत. म्हणजे त्या माणसाने तिथेच हात टेकले. वाचनाने माणूस घडतो, असं कोणी भाषणात म्हटलं की तिला चीड यायची. तिला घडायचं नव्हतं. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत टीव्ही, आईचा फोन आणि मितेशदादाचं ऑनलाइन काम एकाच वेळी चालायचं. पुस्तक उघडलं की निदान अर्धा तास तिला कोणी पाणी आणायला सांगत नसे, एवढाच तिचा वाचनाशी व्यवहार. आणि ती शेवटचं पान नेहमी आधी वाचायची.

"म्हणजे जेवायच्या आधीच हात धुवायचे," निकेश म्हणाला.

"जेवायच्या आधी धुतातच हात."

"बरं बाई. जिंकलीस."

नवरात्राच्या आत सात ते नऊ नंबरची कपाटं साफ करायची, असं कीर्तीताईंनी ठरवलं होतं. शिक्षा संपली तरी ही दोघं रोज पाचला येऊन बसू लागली तेव्हा त्यांनी नवीन ढीग टेबलावर आणून ठेवला आणि दोन कोरी रबरं दिली.

पावसाने त्या पंधरवड्यात धड उघडीप दिली नाही. पाचलाच दिवे लावावे लागायचे. पंख्याखाली रबराचा काळा भुसा टेबलभर उडायचा. निकेश खोडण्याआधी प्रत्येक ओळ हळू आवाजात वाचायचा आणि मिताली लिहिणारा माणूस कसा असेल ते सांगायची.

"‘अगदी खरे’... तीन उद्गारचिन्हं."

"निवृत्त. सकाळी तलावाभोवती चकरा मारणारा. बायकोला बोलू देत नाही."

"‘मालूला सांगणे.’ एवढंच हाय."

"सांगितलं नसणार त्याने," मिताली म्हणाली. "सांगितलं असतं तर येऊन खोडलं असतं."

निकेशने त्या पानावर रबर चालवलं नाही. पुस्तक तसंच मिटून झालेल्यांच्या ढिगात ठेवलं. कीर्तीताई पाहत होत्या.

एकदा तिने विचारलं, "तू इतका हळू का वाचतोस? चार दिवसांत अकरा पानं म्हणजे काय वाचन झालं?"

"मधे कोणी मेलं की मी पुस्तक दोन दिवस बंद ठेवतो."

"का?"

"लगेच पुढचं वाचलं तर... बरं नाय वाटत."

यावर मितालीचं काहीच मत नव्हतं. ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली.

मग बाकीचंही कळलं. निकेशचे वडील, दयाराम, ट्रेलर चालवायचे. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेले. त्यांच्या जुन्या मालकाने आता निकेशला गुजरातेत, मुंद्र्याच्या यार्डात जागा दिली होती. पक्की नोकरी, राहायला खोली. तो भाद्रपदातच जायचा होता. आजी अडून बसली. पितृपाखात नवीन काम धरत नाहीत म्हणाली. म्हणून घटस्थापनेच्या सकाळी सातला कळंबोली सर्कलवरून कंपनीची गाडी.

"म्हणजे आपण भेटलो ते आजीमुळे," मिताली म्हणाली. तिने हलकंच म्हणायचं ठरवलं होतं, आवाज तसा निघाला नाही.

"मुंद्र्याला जायचं नक्की नाय अजून," निकेश रबर फिरवत म्हणाला. "जासईचा मुकादम म्हणतो, थांब, दिवाळीनंतर तुलाही कायम करतो. पगार कमी हाय, पण... इथे हाय." आणि मग पानाकडेच बघत, "परवा दशमी. बाबांची तिथी. ती झाली की आजीला सांगतो, नाय जात म्हणून."

"आजीला काय कारण सांगशील?"

"खरं ते."

"म्हणजे काय?"

"आत्ता विचारू नको. पाखात चांगली गोष्ट बोलत नाय."

मितालीने पुढचं पुस्तक ओढलं. एकाही पानावर काही लिहिलेलं नव्हतं. तरी तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटलं.

दशमीला तो आला नाही. तो येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ती साडेसातपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा डोळे सुजलेले होते. खुर्चीत बसला, रबर हातात घेतलं नाही.

"कावळा शिवला," तो म्हणाला.

"मग चांगलंच झालं ना?"

"गेल्या वर्षी पत्र्यावरचं पान संध्याकाळपर्यंत तसंच पडून होतं. आजीने वर्षभर तेच काढलं, माझा पोर उपाशी गेला. काल परत तेच. बारा वाजले, एक वाजला. कावळा समोरच्या भिंतीवर बसून बघत होता. आजी एकेक सांगत होती... बहिणीचं, कोमलचं लग्न नीट लावू, पत्रा नवीन घालू. तो हलेना. दीड वाजला. आजी उन्मळून रडायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. बाबा, मी मुंद्र्याला जातो, घर सांभाळतो. तो उडाला तो सरळ पानावर."

बाहेर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते. मिताली ते संपेपर्यंत थांबली.

"त्याला भूक लागली असेल, निकेश."

"मला माहीत हाय."

"दीड वाजेपर्यंत कावळाच काय, कोणीही..."

"मिताली, मला माहीत हाय. पण आजीने ऐकलं ना. बाबा जेवले म्हणाली. दोन वर्षांनी जेवले. काल ती नीट झोपली." त्याने तळहाताने टेबलावरचा भुसा गोळा केला, पुन्हा पसरला. "आता मी नाय जात म्हटलं तर तिच्यासाठी ते परत उपाशी."

मितालीकडे उत्तर होतं. चांगलं, तर्काला धरून असलेलं उत्तर होतं. पुस्तकातल्या माणसाला तिने ते दोन ओळींत सुनावलं असतं. समोर बसलेल्या माणसाला सुनावता येईना.

पुढचे दिवस नऊ नंबरच्या कपाटात गेले. दोघं खोडत होती, वाचून दाखवणं बंद झालं होतं. सर्वपित्रीच्या संध्याकाळी शेवटचा ढीग संपला. कीर्तीताईंनी दोघांना न मागता चहा आणून दिला आणि पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"निकेश, मला तुला..."

"आज नको."

"का?"

"अमावस्या हाय. आज बोललेलं लागत नाय म्हणते आजी."

"आणि उद्या? उद्या तू इथे आहेस?"

मितालीने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"पंधरा दिवस," ती म्हणाली, "पंधरा दिवस तू सगळ्या मेलेल्या माणसांची काळजी घेतलीस. मी जिवंत होते. समोर बसले होते." आणि छत्री न घेताच ती बाहेर पडली. शिवाजी चौकापर्यंत तिला वाटत होतं, तो मागून येईल. तो आला नाही. साडेसात वाजत आले होते, त्याला टोपली उचलायची होती.

घटस्थापनेला पहाटे पाचला तिने आईला सांगितलं, कॉलेजात कार्यक्रम आहे. सव्वासहाला ती कळंबोलीला पोचली. पुलाखाली ट्रकांचा धूर साचला होता, झेंडूवाले टोपल्या मांडत होते. निकेश एका खांबाजवळ उभा होता, पायाशी बॅग. शेजारी हिरवं लुगडं नेसलेली, बुटकी, ताठ मानेची म्हातारी. तिच्या हातात जाड प्लास्टिकमध्ये बांधलेल्या सुकटीचं गाठोडं होतं.

मिताली चार हातांवर थांबली. रात्रभर जुळवलेलं पहिलं वाक्य नेमकं तेव्हाच गळालं.

"ही कोन र?" ठमाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात गाडी आली. आत तीन पोरं होती. ड्रायव्हरने खाली उतरून बॅग मागे टाकली.

"आजी, मी वाचनालयातली..." मितालीने सुरुवात केली.

"मिताली हाय ही," निकेश म्हणाला. "आजी, मला ही आवडते. हिच्यासाठी मी जाणार नव्हतो. तुला सांगणार होतो, तिथी झाली की."

झेंडूवालाही वळून पाहू लागला. ठमाबाईंनी नातवाकडे पाहिलं, मग मितालीकडे, मग पुन्हा नातवाकडे. तोंडावरचा ताठा हळूहळू उतरला आणि त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसू लागल्या.

"मंग त्या दिशी कावल्यासमोर का नाय बोल्लास र?"

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. निकेश आजीच्या पाया पडला, गाठोडं घेतलं, आत बसला. मिताली खिडकीशी गेली. काच अर्धीच खाली येत होती.

"मला पण," ती म्हणाली. "तू आवडतोस. हेच सांगायला आले होते. तुला जायचंय ते जा... पण हे ऐकून जा."

त्याने काचेच्या कडेवर बोटं ठेवली. तिने त्यावर आपली ठेवली. गाडी हलली तेव्हा ती दोन पावलं बरोबर चालली, मग समोर ट्रेलर आला आणि काही दिसेनासं झालं.

ती परत आली तेव्हा ठमाबाई तिथेच उभ्या होत्या, पदराने नाक पुसत.

"जासईची बस तिकडून आहे, आजी."

"ठावं हाय." त्यांनी पदर खोचला. "तुमच्या घरी सुकट खातात का ग?"

"खातात."

"बरा." त्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. ट्रकांमागून ट्रक जात होते. "मना काय ठावं होता, पोरी? त्यानं सांगाया नको?"

मितालीला हुंदका आला, आणि त्यातच थोडं हसूही आलं. ठमाबाईंनी रस्ता ओलांडायला तिचा हात धरला. पलीकडे बस उभीच होती. त्या पायरीपाशी थांबल्या, पण हात सोडेनात. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तेव्हा मितालीच त्यांच्याबरोबर आत चढली.

"दोन जासई," ती म्हणाली.