भोवऱ्यावरचं नाणं

बडबडी, हे तिचं कामावरचं टोपणनाव, त्या दुपारी मशीनपाशी गेली होती ती फक्त तेलाची पातळी बघायला. साधं काम, दोन मिनिटांचं. जुन्या वीजकेंद्रात आता कोळसा जळत नाही; शहर चालतं वाऱ्यावर आणि उन्हावर. पण त्यांचा काय नेम? म्हणून तिथलं एक अवाढव्य मशीन नुसतं फिरत ठेवलेलं. सगळे त्याला भोवरा म्हणायचे. वीज एकदम घटली, की बॅटऱ्या मदतीला येईपर्यंत शहर याच्याच गरगरण्यावर तरायचं.

पूर्वी भोवरा मामा सांभाळायचे, इथले फोरमन. रोज त्याच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर, एक नाणं काठावर उभं करायचे. उभं राहिलं, तर मशीन ठणठणीत. मामा वारले, आणि तेव्हापासून तसं उभं करायच्या नादात बडबडीनं किती नाणी पाडली, विचारूच नका.

तेवढ्यात दाजींचा फोन. ताईला ऑपरेशनला आत नेलं होतं, बाळ आडवं आलेलं, आणि हॉस्पिटलचा जनरेटर नेमका बिघडलेला. "मेहुणीबाई, आज लाइट घालवू नका हं," ते हसत म्हणाले. आवाज मात्र कापत होता.

आणि बाहेर वादळ आलं. भरदुपारी खिडक्या काळ्याठिक्कर. कुठेतरी पवनचक्क्यांची लाइन तुटली, दिवे मंदावले, भोवरा कण्हायला लागला. मग थरथरायला. जमीन, जिना, दात, सगळंच. नियम सरळ होता: इतकं थरथरलं, की लाल बटण दाबून बंद करायचं. नाहीतर मशीनचे तुकडे उडतील, आणि तिचेही. पण बंद केलं तर शहर अंधारात... आणि ताई...

तिनं बोट बटणावर ठेवलं.

लवंगेचा वास आला. मामांची दाढ कायम दुखायची.

"थांब गं... झेपेल त्याला," कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

अंधुक उजेडात कुठेतरी टक् झालं. नाणं ठेवल्यासारखं.

तिनं बोट काढलं. थरथर हळूहळू विरली. मग बॅटऱ्या धावून आल्या, दिवे भक्कन उजळले, कंट्रोल रूममधून शिट्ट्या ऐकू आल्या. अख्ख्या शहरात एक पंखासुद्धा थांबला नव्हता! पुन्हा दाजींचा फोन, आणि पलीकडून आधी बाळाचंच रडणं. मुलगी झाली होती. बडबडी त्या मशीनभोवती अक्षरशः नाचली.

नाचता नाचता थबकली. भोवऱ्याच्या पाठीवर नाणं उभं होतं. काठावर, सरळसोट.

तिनं ते अलगद उचललं. ओलं होतं. घामानं भिजलेलं... इतका वेळ कुणीतरी मुठीत घट्ट धरून उभं असल्यासारखं.